दूरचित्रवाणीवरील बागकामाचे कार्यक्रम आणि त्यांचे सादरकर्ते: आपण नेमके कोणाकडून काही शिकलात?

विश्रामबागकर

नमस्कार. सातारा-सांगलीकडील बागप्रेमी सभासदांसाठी हा धागा मुद्दाम काढत आहे. दूरचित्रवाणीवर, आणि आता मोबाइलवरही, बागकामाचे इतके कार्यक्रम दिसतात की सगळे पाहायचे म्हटले तर दिवस पुरणार नाही. परंतु ते पाहून आपल्या कुंडीत किंवा परसात एखादी तरी गोष्ट कायमची बदलली, असे कोणत्या कार्यक्रमामुळे झाले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधी मांडतो. जो सादरकर्ता एकाच जमिनीवर, बारा महिने, तीच झाडे घेऊन आपल्यासमोर उभा राहतो, त्याच्याकडूनच शिकता येते. दर आठवड्याला नवी बाग, नवा बंगला आणि नवे कारंजे दाखवणारा कार्यक्रम पाहायला छान वाटतो, पण मागच्या भागात लावलेल्या रोपाचे पुढे काय झाले हे त्यातून कधीच कळत नाही. लावलेले झाड मेले तर ते का मेले हे जो कॅमेऱ्यासमोर उकलून दाखवतो, त्याच्या पुढच्या सल्ल्यावर माझा विश्वास बसतो. आमच्याकडची माती काळी आणि चिकट आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती आठवडाभर पाणी धरून बसते. अशा मातीत उभा राहून बोलणारा सादरकर्ता मी अजून पाहिलेला नाही. आपल्यापैकी कोणी पाहिला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा

आमच्या पिढीसाठी या प्रश्नाचे उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे 'आमची माती आमची माणसं'. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या साताऱ्यात संच आणि प्रक्षेपण पोहोचायला त्यानंतर बराच काळ गेला, पण पोहोचल्यावर संध्याकाळी हा कार्यक्रम घराघरांत लागत असे. तो शेतीचा कार्यक्रम होता, बागेचा नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही माझ्या आईने परसातल्या दोडक्याचा आणि कारल्याचा मांडव कसा घालावा, वेलाचा शेंडा केव्हा खुडावा, हे तिथूनच घेतले.

त्या कार्यक्रमाच्या सादरकर्त्यांचा मोठा गुण असा की ते कमी बोलत. किती अंतरावर लावले, खत कोणते आणि केव्हा दिले, खर्च किती आला, एवढे थोडक्यात विचारून ते शेतकऱ्याला बोलू देत. शेतकरी अडखळला तरी मध्येच वाक्य पूर्ण करून देण्याची घाई नसे. आताच्या बऱ्याच कार्यक्रमांत सादरकर्ता स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो आणि ज्याची बाग आहे तो मागे उभा राहून मान डोलावतो.

माणदेशी

अजिंक्यतारा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्या कार्यक्रमात बोलणाऱ्याच्या हाताला माती लागलेली दिसत असे.

मिरजेचा_माळी

माझी छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे मी या कार्यक्रमांकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. कोणत्या वाहिनीवर काय दाखवले हे मला कार्यक्रम न पाहताही कळते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रोप मागणारे लोक दारात उभे असतात. लॅव्हेंडर द्या, ट्यूलिपचे कंद द्या, निळ्या फुलांची हायड्रेंजिया द्या. सांगली-मिरजेच्या एप्रिल महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास गेल्यावर त्या झाडांचे काय होणार हे मी सांगतो, पण पडद्यावरच्या माणसाचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वजनदार ठरतो.

हायड्रेंजियाचेच उदाहरण घ्या. तिच्या फुलांचा रंग मातीच्या आम्लतेवर ठरतो. माती आम्लधर्मी असेल तर मुळांना ॲल्युमिनियम मिळते आणि फुले निळी येतात. माती चुनखडीयुक्त असेल तर तेच झाड गुलाबी फुले देते. आमच्याकडची काळी माती अल्कधर्मी आहे आणि पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणीही क्षारांचे आहे. ग्राहक निळे फूल पाहून रोप नेतो, वर्षभराने गुलाबी फूल आले की चुकीचे रोप दिले म्हणून परत येतो. सादरकर्त्याने 'तुमची माती कशी आहे ते आधी पाहा' एवढे एक वाक्य जोडले असते तर हा गैरसमज झालाच नसता.

'पूर्ण उन्हात ठेवा' या सल्ल्याचेही तसेच आहे. विलायतेतील माणूस पूर्ण ऊन म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तिथले मवाळ ऊन असते. आमच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी तेच रोप संध्याकाळपर्यंत करपते. म्हणून माझे मत विश्रामबागकर यांच्यापेक्षा कडक आहे. परप्रांतातील आणि परदेशातील बागकामाचे कार्यक्रम मनोरंजन म्हणून पाहावेत, सल्ला म्हणून पाहू नयेत.

पाचगणीकर

मिरजेचा_माळी, आपण म्हणता ते सपाटीवर खरे आहे. आमच्याकडे डोंगरावर जांभी, आम्लधर्मी माती आहे आणि हायड्रेंजिया कुंपणाकडेला निळीच फुलते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावात लोक एका चांगल्या सरीची वाट पाहतात. त्यामुळे 'आपली माती' असे म्हणताना कोणाची माती, हेही ठरवावे लागेल.

वाईची_लेक

माझे माहेर वाईचे आहे आणि लग्नानंतर बरीच वर्षे मी इंग्लंडमध्ये राहते. धाग्याचा विषय वाचून राहवले नाही, कारण इथे बागकामाच्या कार्यक्रमाचा सादरकर्ता कोण असावा यावर लोक घरातल्या माणसाविषयी बोलावे इतक्या आत्मीयतेने बोलतात.

बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' हा कार्यक्रम जानेवारी १९६८ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. सुरुवातीच्या वर्षांत पर्सी थ्रोअर हे त्याचे मुख्य सादरकर्ते होते आणि श्रूझबरीजवळच्या त्यांच्या स्वतःच्या बागेतून कार्यक्रमाचे चित्रीकरण होत असे. पुढे १९७९ पासून १९९६ पर्यंत जेफ हॅमिल्टन होते. त्यांची रटलंडमधील बार्न्सडेल ही बाग लोक आजही जाऊन पाहतात. त्यांच्यानंतर ॲलन टिचमार्श आले आणि २००३ मध्ये मॉन्टी डॉन. मॉन्टी डॉन २००८ मध्ये आजारपणामुळे बाजूला झाले आणि २०११ मध्ये परतले, ते हेरफर्डशरमधील स्वतःच्या लाँगमेडो या बागेतून. तिथली जमीन जड आणि ओलसर आहे. हिवाळ्यात तिच्यावर पाणी चढते आणि ते पाणीही कार्यक्रमात दिसते. विश्रामबागकर यांना जो सादरकर्ता हवा आहे, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे हे उदाहरण मला वाटते.

मला स्वतःला हॅमिल्टन अधिक भावले. त्यांचे भाग मी नंतर जुन्या ध्वनिचित्रफितींवर पाहिले. महागडे सामान विकत न आणता जुन्या फळ्यांतून, टाकाऊ वस्तूंतून काय करता येईल हे ते दाखवत. कुंड्यांच्या मिश्रणात वापरले जाणारे पीट दलदलीतून उपसून आणले जाते आणि त्यामुळे त्या दलदली नष्ट होतात, म्हणून त्यांनी पीट वापरणे सोडले आणि लोकांनाही तसे सांगितले. त्या काळी ते लोकप्रिय मत नव्हते. सादरकर्त्याने फक्त गोड बोलू नये, त्याला काही ठाम भूमिका असावी, असे मला त्यांच्यामुळे वाटू लागले.

मिरजेचा_माळी यांच्या एका मुद्द्याला मात्र मी विरोध नोंदवते. मॉन्टी डॉन ओल्या चिकणमातीवर पाय देऊ नका, ती दाबली जाते आणि तिच्यातील हवा निघून जाते, असे वारंवार सांगतात. वाईला आमच्या परसात पावसाळ्यात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निघून माती कामाजोगी झाल्याशिवाय, कोणी खुरपे घेऊन उतरायचे नाही, हा आजीचा दंडक होता. कारण ठाऊक नव्हते, ते मला या कार्यक्रमातून समजले. तपशील बदलतो, पण झाडाच्या मुळाला हवा लागते हे दोन्हीकडे सारखेच आहे.

कृषिपदवीधर_कराड

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. मॉन्टी डॉन यांनी उद्यानविद्येचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. ते इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी होते आणि आधी दागिन्यांच्या व्यवसायात होते. त्यांच्या आवडीबद्दल मला आदर आहे, पण लाखो लोकांना सल्ला देणाऱ्या आसनावर शिक्षण घेतलेला माणूस असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण सांगतो. आपल्याकडच्या बागकामाच्या कार्यक्रमांत आणि चित्रफितींत पाने पिवळी पडली की सरसकट एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. वास्तविक कोणते पान पिवळे पडले आहे हे आधी पाहावे लागते. झाडाची जुनी, खालची पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमची कमतरता संभवते. जुने पान सगळेच सारखे फिके पडत असेल तर नत्राचा विचार करावा. आणि शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर तो बहुधा लोहाचा प्रश्न असतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतेच, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यामुळे एक्झोरा, अनंत, लिंबू या झाडांवर हे लक्षण आपल्याकडे नेहमी दिसते. तिथे मॅग्नेशियम कितीही ओतले तरी उपयोग होत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, फवारणी, भरपूर शेणखत किंवा कंपोस्ट आणि पाण्याचा निचरा सुधारणे हे करावे लागते. जास्त पाण्यानेही हेच लक्षण वाढते.

दुसरे उदाहरण कांद्याचे देतो. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातला मोठा दिवस सोळा तासांहून अधिक असतो. सांगली-साताऱ्यात तो तेरा तासांच्या आसपास थांबतो. तिकडच्या कांद्याच्या जाती मोठ्या दिवसालाच कांदा धरतात. परदेशी कार्यक्रम पाहून कोणी ते बियाणे मागवले तर इथे नुसती पात वाढेल. हे प्रशिक्षित माणूस सांगेल. केवळ हौशी माणसाला ते सुचेलच असे नाही.

वाईची_लेक

कृषिपदवीधर_कराड, कांद्याचा मुद्दा फार उपयोगाचा आहे, त्याबद्दल आभार. तरीही केवळ पदवीवरून सादरकर्त्याची योग्यता ठरवावी असे मला वाटत नाही. याच कार्यक्रमातील कॅरल क्लाइन आधी चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. बी पेरणे किंवा रोपाचे तुकडे करून नवी रोपे तयार करणे त्या दाखवतात तेव्हा त्यांची बोटे काय करतात हे इतके स्पष्ट दिसते की शब्दांची गरजही भासत नाही. शिकवण्याची कला हे वेगळे शिक्षण आहे आणि ते त्यांच्याकडे होते.

द्राक्षमळा_तासगाव

पदवी आणि हौस यांच्या वादात आमच्या तासगावाकडे एकदा पाहावे, अशी विनंती करतो. श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी आमच्या भागातील द्राक्ष बागाईतदारांना बरोबर घेऊन प्रयोग परिवार उभा केला. स्वतः पाहा, नोंद ठेवा, दुसऱ्याला सांगा, हा त्यांचा आग्रह होता. तास-ए-गणेश ही बिनबियांची जात आमच्याच तालुक्यात एका शेतकऱ्याच्या नजरेमुळे निवडली गेली. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळा वेल ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा रोज बागेत फिरूनच येतो.

तरीही कृषिपदवीधर यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. भुरी आणि केवडा या द्राक्षावरच्या दोन रोगांतला फरक न कळणाऱ्याच्या हाती फवारणीचा पंप देणे धोक्याचे आहे. भुरीची पांढरी पूड पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते. केवड्यात वर तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पान उलटल्यावर खाली पांढरी बुरशी. हे दोन्ही एकदा जवळून, नीट उजेडात दाखवले तर पाहणारा जन्मभर विसरणार नाही. दूरचित्रवाणीची खरी ताकद इथे आहे, असे मला वाटते. पुस्तकातल्या छोट्या छायाचित्रात जे कळत नाही ते कॅमेरा पान उलटून दाखवू शकतो.

छाटणीच्या बाबतीत मात्र माझा अनुभव असा आहे की ती पडद्यावरून शिकता येत नाही. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी घेतो. किती डोळ्यांवर काडी कापायची हे काडीची जाडी आणि पक्वता पाहून ठरते आणि त्यासाठी काडी हातात घ्यावी लागते.

गच्चीबाग_सातारा

मी या धाग्यावर वयाने बहुधा सर्वांत लहान आहे. इथे सगळ्यांनी एकमताने झटपट बाग बदलून दाखवणाऱ्या कार्यक्रमांना नाकारले, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते. इंग्लंडमध्ये १९९७ पासून 'ग्राउंड फोर्स' नावाचा असा कार्यक्रम होता. घरमालक बाहेर गेला की दोन दिवसांत त्याची बाग बदलून टाकायची, अशी त्याची कल्पना होती. टिचमार्श, चार्ली डिमॉक आणि टॉमी वॉल्श हे तिघे स्वतः खड्डे खणताना आणि दगड वाहताना दिसत. मी त्याचे जुने भाग पाहिले आणि आमची पाण्याच्या टाकीशेजारची रिकामी गच्ची मला पहिल्यांदाच जागा म्हणून दिसली.

माती, आम्लता, लोह ही सगळी माहिती महत्त्वाची आहे, पण ती माहिती शोधण्याची इच्छा कुठून येते? ज्याने कधी कुंडीही ठेवली नाही त्याला आधी काहीतरी सुंदर दिसावे लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, परस नसलेल्या माणसांसाठी कार्यक्रम कोण करतो? मॉन्टी डॉन यांच्या बागेचा एक कोपराही आमच्या संपूर्ण इमारतीपेक्षा मोठा दिसतो. अशी बाग पाहून आनंद होतो, पण मला गच्चीवर किती वजन चालेल, पाणी खालच्या छतात झिरपणार नाही यासाठी काय करावे, हे हवे असते. या विषयावर नीट बोलणारा सादरकर्ता मला अजून भेटलेला नाही.

विश्रामबागकर

गच्चीबाग, आपला मुद्दा मला मनापासून पटला. झटपट कार्यक्रमांना माझा विरोध सौंदर्यासाठी नाही. त्या दोन दिवसांच्या बागेत वर्षभराने पुन्हा कॅमेरा गेला असता तर तोच कार्यक्रम मला अमूल्य वाटला असता. कोणती झाडे टिकली, मालकाला निगा राखता आली की नाही, फरशीखाली पाणी साचले का, हे सारे त्या दुसऱ्या भेटीत कळले असते.

मिरजेचा_माळी

गच्चीबाग ताई, वजनाबद्दल एवढे लिहितो की कुंडीत बागेतली काळी माती भरू नये. ती पाण्याने भिजल्यावर फार जड होते आणि निचरा होत नाही. पोयटा, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे मिश्रण करावे, त्यात थोडी निंबोळी पेंड घालावी. कोकोपीट वापरण्याआधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असतात. ही एक पायरी बहुतेक कार्यक्रमांत वगळली जाते. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल त्या बाजूला ठेवाव्यात आणि गच्ची जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवावी.

माणदेशी

प्रायोजकांचा विषय अजून कोणी काढला नाही. आजकाल कार्यक्रम पाहताना सल्ला कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते हे समजत नाही. एकाच कंपनीचे द्रव खत मोगऱ्याला, टोमॅटोला आणि कडुनिंबालाही चालते असे सांगितले जाते. आमच्याकडे पाणीच कमी, तिथे लोक ते खत आणून कोरड्या मातीत ओततात आणि मुळे जळतात.

वाईची_लेक

माणदेशी, या बाबतीत पर्सी थ्रोअर यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७६ मध्ये त्यांनी एका मोठ्या रसायन कंपनीच्या बागेतील उत्पादनांच्या जाहिरातीत काम करण्याचा करार केला आणि बीबीसीने त्यांना 'गार्डनर्स वर्ल्ड'मधून दूर केले. ते तेव्हा देशातले सर्वांत परिचित माळी होते, तरीही हा निर्णय झाला. मला तो कठोर पण योग्य वाटतो. ज्याच्या सांगण्यावरून लोक मातीत काय घालायचे ते ठरवतात, त्याने एखाद्या डब्याचा प्रचार करू नये.

अजिंक्यतारा

योग्य निर्णय. सार्वजनिक प्रसारणाचे महत्त्व इथेच आहे. दिल्ली दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले तेव्हा ते दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी होते. पाहणाऱ्याला काही विकायचे नव्हते. त्याच्या शेतात त्या आठवड्यात काय काम आहे, हा त्यामागचा विचार होता. २६ मे २०१५ पासून 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनीही झाली. परंतु संपूर्ण देशासाठी एकच वाहिनी म्हटली की पुन्हा तोच प्रश्न येतो, कोणाची माती आणि कोणता पाऊस.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून आहे. शेतीविषयक बोलणे आपल्या भागातल्या बोलीत, आपल्या भागातल्या पिकांविषयी ऐकण्याची सवय या जिल्ह्यांना त्या केंद्राने लावली. हळद, ऊस, द्राक्ष यांच्याविषयी तिथे जे बोलले जाई ते ऐकून लोक उठून कामाला लागत. चित्राशिवायही सल्ला पोहोचत होता, कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच नदीचे पाणी वापरत होते.

पाचगणीकर

यावर स्कॉटलंडचा दाखला देता येईल. तिथे १९७८ पासून ॲबर्डीनमधून 'बीचग्रोव्ह' हा वेगळा कार्यक्रम होतो. त्याचा हंगाम, त्याची झाडे आणि त्याचे सल्ले स्कॉटलंडच्या थंडीला धरून असतात. एका देशात बागकामाचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असतानाही उत्तरेकडील लोकांना आपला निराळा कार्यक्रम आवश्यक वाटला. ऑस्ट्रेलियातील 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया' हा कार्यक्रम १९९० पासून आहे. त्यात पीटर कंडल टास्मानियातून बोलत आणि इतर सादरकर्ते आपापल्या प्रदेशांतून बोलत. म्हणजे एका कार्यक्रमात अनेक हवामाने सामावण्याचीही रीत आहे. महाराष्ट्रापुरता असा विचार करायला काय हरकत आहे? कोकणचा एक सादरकर्ता, देशावरचा एक, विदर्भाचा एक, आणि प्रत्येकाची स्वतःची बाग.

कृष्णाकाठ

मी सांगली गावभागात राहते. आतापर्यंत फक्त वाचत होते, पण पाचगणीकर यांचा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमचे संपूर्ण परस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर सगळीकडे गाळ होता, जास्वंदीच्या पानांवर, कुंड्यांत, विहिरीच्या कट्ट्यावर. त्या दिवसांत मी मदतीसाठी जे जे कार्यक्रम पाहिले त्यांत पावसाळ्यात कोणती शोभेची झाडे लावावीत हेच चालू होते. बुडालेल्या बागेचे काय करावे हे कोणीही सांगत नव्हते.

अखेर शेजारच्या एका वयस्कर शेतकऱ्याने जे सांगितले ते इथे लिहून ठेवते, कारण हा प्रसंग आमच्या भागावर २००५ मध्येही आला होता आणि २०२१ मध्येही आला. गाळ ओला असताना बागेत फिरायचे नाही. आधी पाणी जायला चर काढायचे. पानांवरचा गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, कारण तो वाळून बसला की पान गुदमरते. खोडाभोवती साचलेला गाळ मूळच्या पातळीपर्यंत काढून टाकायचा. लगेच खत घालायचे नाही. मुळे दुबळी झालेली असतात. वाफसा आल्यावर वरचा पापुद्रा खुरप्याने फोडायचा म्हणजे मुळांना हवा मिळते. पुराच्या पाण्यात बुडालेली पालेभाजी खायची नाही, ती उपटून टाकायची. पपई गेली, ती एक-दोन दिवसांच्या साचलेल्या पाण्यातच कुजते. नारळ उभे राहिले.

विश्रामबागकर, आपण विचारले होते की आपल्या मातीत उभा राहून बोलणारा सादरकर्ता कोणी पाहिला आहे का. मी तो कॅमेऱ्यासमोर पाहिला नाही, पण त्या गृहस्थांसमोर कोणी कॅमेरा धरला असता तर तो अर्धा तास कृष्णाकाठच्या प्रत्येक घराने जपून ठेवला असता.

कृषिपदवीधर_कराड

कृष्णाकाठ ताई, आपण लिहिलेला प्रत्येक सल्ला शास्त्राला धरून आहे. त्यात एवढीच भर घालतो की लिंबू आणि डाळिंब यांच्या खोडाजवळ पाणी साचून राहिले असेल तर वाफसा आल्यावर आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइडचे द्रावण, वेष्टनावरील प्रमाण पाहून, ओतावे; मूळकूज रोखायला त्याचा उपयोग होतो. आधी जे लिहिले त्यात थोडा बदलही करतो. सादरकर्ता पदवीधर असलाच पाहिजे, हा आग्रह मी सोडतो. मात्र त्याच्या शेजारी पदवीधर माणूस असावा आणि त्याने सादरकर्त्याला सर्वांसमोर अडवले तरी ते चित्रण कापले जाऊ नये, यावर मी ठाम आहे.

द्राक्षमळा_तासगाव

हे पटले. दोघांचे मतभेद झालेले दिसले तर पाहणाऱ्यालाही स्वतः विचार करावा लागेल.

विश्रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो. एवढ्या चर्चेनंतर माझे मत थोडे बदलले आहे. एकाच जमिनीवर वर्षभर उभा राहणारा सादरकर्ता हवा, हे मी अजूनही म्हणतो, पण कृष्णाकाठ आणि अजिंक्यतारा यांचे प्रतिसाद वाचून असे वाटते की सादरकर्त्याचे पहिले काम योग्य माणसाला शोधून त्याला बोलते करण्याचे आहे.

सह्याद्री वाहिनीला आपण सर्वांनी मिळून एक पत्र लिहावे, असे मी सुचवतो. त्यात वर्षभराचा आराखडा जोडता येईल. उदाहरणार्थ, जानेवारीअखेर मोगऱ्याचे पाणी तोडून झाल्यावर त्याची छाटणी, एप्रिल-मेमध्ये आच्छादन आणि सावलीची जाळी, अक्षय्य तृतीयेनंतर परसातल्या हळदीची लागवड, पावसाळ्यात निचरा आणि पूर, दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी. इंग्लंडमध्ये गुलाब हिवाळा सरताना छाटतात. आपल्याकडे पाऊस संपल्यावर. असा एक साधा आराखडासुद्धा मराठीत पडद्यावर क्रमाने आलेला मला आठवत नाही.

गच्चीबाग_सातारा

पत्राच्या मसुद्यात गच्ची आणि खिडकीतल्या बागेसाठी दर महिन्याला एक भाग असावा, ही माझी मागणी कृपया लिहावी. मसुदा टंकलिखित करण्याचे काम मी घेते.

मिरजेचा_माळी

माझे नावही त्यात घालावे. आणखी एक अट लिहावी, ती अशी की प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चित्रीकरण कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात झाले, माती कोणती आहे आणि पाणी नदीचे, विहिरीचे की बोअरचे आहे, हे पडद्यावर ठळक अक्षरांत दिले जावे. एवढे जरी दिले तरी माझ्या दारातून चुकीचे रोप घेऊन जाणारे निम्मे लोक कमी होतील, आणि मला त्याचा आनंदच होईल.